भट्टीची वीज आणि पुढच्या क्षणाचा हिशोब

कोल्हापूरचें नांव निघालें कीं अंबाबाईचें देऊळ, रंकाळ्याचें पाणी, खासबागेंतील कुस्त्या आणि गुळाचे रवे हीं चटकन् डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या नगरीचें आणखी एक रूप आहे, व तें पाहावयाचें तर शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगांव किंवा कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींकडे जावें लागतें. तेथील फौंड्र्यांत बीड वितळतें, साच्यांत ओतलें जातें, आणि इंजिनांचे, पंपांचे व ट्रॅक्टरांचे भाग होऊन देशोदेशीं जातें. पूर्वीं हें काम कुपोला भट्टींत कोक जाळून होत असे. पुढें अनेक फौंड्र्यांनीं विजेची इंडक्शन भट्टी पत्करली. या भट्टींत विस्तव नसतो. तांब्याच्या पोकळ नळीचें एक मोठें वेटोळें असतें. नळींतून थंड पाणी खेळतें व तांब्यांतून जोराचा विद्युत्प्रवाह उलटसुलट धांवतो. त्याच्या चुंबकशक्तीनें आंतील लोखंडांतच प्रवाह उत्पन्न होतात आणि लोखंड आपल्याच अंगच्या उष्णतेनें वितळतें. एक टन बीड ओतण्यायोग्य करावयास प्रत्यक्षांत सुमारें ५०० ते ६५० युनिटें वीज लागते. फौंड्रीच्या मालकास या आंकड्याचें महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या भट्टीची एक अडचण अशी कीं, घरोघर येणारी वीज तिला जशीच्या तशी फारशी मानवत नाहीं. महावितरणच्या तारांतील प्रवाह सेकंदास ५० वेळां आपली दिशा फिरवून पूर्वपदावर येतो. मध्यम आकाराच्या भट्टीला तो ५०० ते १,००० वेळां फिरावयास हवा असतो. म्हणून भट्टीशेजारीं एक मोठें पॅनेल उभें असतें. त्याचा पहिला भाग तारेवरील वीज एका दिशेची करतो. दुसरा भाग तीच वीज पुन्हां, पण हव्या त्या वेगानें, उलटसुलट करतो. वीज पालटणाऱ्या या यंत्रणेला कन्व्हर्टर म्हणतात. तींत फिरणारें चाक नाहीं कीं घासणारा ब्रश नाहीं. आहेत ते सिलिकॉनचे खटके. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९५७ सालीं थायरिस्टर नांवाचा असा खटका पुढें आणला. त्याच कंपनींत काम करणारे, मद्रासच्या आय. आय. टी.चे पदवीधर बी. जयंत बाळिगा यांनीं १९८० च्या सुमारास आय. जी. बी. टी. या नव्या खटक्याचा पाया घातला. हा खटका सेकंदास हजारों वेळां उघडतां व मिटतां येतो. मात्र कोणता खटका कोणत्या क्षणीं उघडावा हें कोणीतरी ठरविलें पाहिजे. त्या ठरविण्यालाच नियंत्रण म्हणतात, आणि प्रस्तुत भाषणाचा विषय तोच आहे.

नियंत्रणाचें एक सुंदर उदाहरण कोल्हापूरकरांच्या नित्य परिचयाचें आहे. राजर्षि शाहू छत्रपतींच्या पुढाकारानें भोगावती नदीवर उभारावयास घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलें, पाणी ठराविक पातळीस पोंचलें, कीं दरवाजा आपोआप उघडतो. पातळी उतरली कीं मिटतो. झालेला फरक पाहून उपाय करणें हा या योजनेचा गाभा. कन्व्हर्टरचें रूढ नियंत्रणही याच जातीचें असतें. प्रवाह हवा किती, आहे किती, हा फरक मोजावयाचा; फरकाच्या प्रमाणांत व सांचत आलेल्या फरकाच्या प्रमाणांत दुरुस्ती करावयाची. ही पद्धति जुनी, खात्रीची आणि जगभर चालणारी आहे. तिला तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं.

परंतु दरवाजाला पाणी दिसतें, पाऊस दिसत नाहीं. धरणांतून सुटलेलें पाणी कोल्हापुराजवळ राजाराम बंधाऱ्यास पोंचावयास कित्येक तास लागतात. तेथें पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानलेली आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत या आंकड्यांकडे साऱ्या जिल्ह्याचे डोळे लागले होते. अशा वेळीं आजची पातळी, पाणलोटांतील पाऊस व नदीची वाट यांचा हिशोब करून उद्यां काय होईल हें काढणें, आणि त्यावरून आजचा निर्णय घेणें, ही निराळ्या जातीची बुद्धि होय. तिलाच भाकितावर आधारलेलें नियंत्रण म्हणतात.

कन्व्हर्टरमध्यें ती कशी चालते, हें तालमींतल्या माणसास सहज समजेल. कसलेला मल्ल प्रतिस्पर्ध्यानें पकड घातल्यावर मग विचार करीत बसत नाहीं. आपण हा डाव टाकला तर तो कोठें सरकेल, तो टाकला तर कोठें सरकेल, हें मनांत ताडून तो त्यांतला एक निवडतो. आणि दुसऱ्याच क्षणीं बदललेली स्थिति पाहून पुन्हां नव्यानें ताडतो. तीन तारांच्या साध्या कन्व्हर्टरमध्यें खटक्यांच्या तीन जोड्या असतात. प्रत्येक जोडींत वरचा तरी मिटलेला असतो किंवा खालचा तरी. म्हणजे एकंदर डाव आठ. त्यांपैकीं दोहोंचा परिणाम एकच असल्यामुळें निरनिराळे सात. पॅनेलांतील छोटा संगणक ठराविक ठोक्यावर, समजा सेकंदाच्या वीस हजाराव्या भागानें, प्रवाह मोजतो. सातांपैकीं प्रत्येक डावानें ठोक्याच्या अखेरीस प्रवाह किती होईल हें गणितानें काढतो. हव्या असलेल्या प्रवाहाच्या जो सर्वांत जवळ नेईल तो डाव टाकतो. पुढच्या ठोक्यास मागचें सर्व भाकित रद्द! नवें मोजमाप, नवा हिशोब. पंचांग वर्षाचें एकदांच मांडतात. हें पंचांग सेकंदास वीस हजार वेळां मांडलें जातें.

या विचाराचा उगम विजेच्या धंद्यांत झाला नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें रिशाले व त्यांचे सहकारी, आणि अमेरिकेंत शेल कंपनीचे अभियंते, यांनीं तो तेलशुद्धीच्या व रसायनांच्या कारखान्यांत प्रथम वापरला. तेथें एका निर्णयास मिनिटें मिळत. विजेच्या खटक्याला तेवढी सवड कोठून मिळणार? तरीही जर्मनींतील होल्ट्झ व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ सालींच मोटारीच्या प्रवाहासाठीं भाकिताची पद्धति मांडली होती. पुढें संगणकाच्या चकत्या स्वस्त व चपळ झाल्या, आणि चिलीमधील होसे रॉड्रिगेझ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७ मधील लेखानंतर वर सांगितलेली डाव निवडण्याची रीत जगभरच्या प्रयोगशाळांत पसरली. मोठ्या मोटारी चालविणाऱ्या कांहीं यंत्रणांतून भाकिताचें नियंत्रण आतां बाजारांतही आलें आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. या रीतींत जुन्या पद्धतीप्रमाणें दोन अंक जुळवीत बसावें लागत नाहीं, म्हणून तिला जुळवणीच नको, असें पुष्कळदां म्हटलें जातें. वस्तुस्थिति तशी नाहीं. जुळवणी नाहींशी झालेली नसून तिची जागा बदलली आहे. ती चार ठिकाणीं करावी लागते: वेळेच्या हिशोबांत, यंत्राच्या वर्णनांत, निरनिराळ्या हेतूंच्या मोलांत आणि नजरेच्या पल्ल्यांत.

प्रथम वेळ. संगणकानें प्रवाह मोजला, हिशोब केला, तोंपर्यंत ठोका संपत आला. निर्णय अंमलांत येतो तो पुढच्या ठोक्यास. मधल्या काळांत प्रवाह जागेवर थांबलेला नसतो. ही एका ठोक्याची दिरंगाई विसरली तर काय होतें हें गणितानें नेमकें सांगतां येतें. या रीतीचीच एक सख्खी बहीण आहे, जी सात डावांतून निवड न करतां चूक एका ठोक्यांत मिटविणारा नेमका विद्युद्दाब काढते. तिच्या हिशोबांत यंत्राचें वर्णन शंभर टक्के बरोबर असूनही केवळ ही दिरंगाई वगळली, तर प्रवाह हव्या त्या रेषेवर बसतच नाहीं. दर सहा ठोक्यांना एक, असे हेलकावे तो अखंड खात राहतो. उपाय सोपा आहे. हातचा डाव ठोक्याच्या अखेरीस प्रवाहाला कोठें नेईल हें आधीं काढावें, व तेथून पुढच्या डावाची निवड करावी. पाहणी आज केली तरी निर्णय उद्यांसाठीं आहे, एवढें भान ठेवलें कीं काम होतें.

दुसरी गोष्ट यंत्राच्या वर्णनाची, आणि खरी गोम येथेंच आहे. तारेवरची वीज पॅनेलांत शिरतांना एका चोकमधून येते. चोक म्हणजे लोखंडी गाभ्यावरील वेटोळें. प्रवाहाच्या बदलाला विरोध करण्याचा त्याचा जो जडपणा, तो मिलिहेन्रींत मोजतात. समजा चोक २ मिलिहेन्रींचा आहे व त्यावर १०० व्होल्टांचा दाब सेकंदाच्या वीस हजाराव्या भागापुरता दिला, तर प्रवाह अडीच अँपिअरनें वाढेल. संगणकाचें सारें भाकित अशाच हिशोबावर उभें असतें. परंतु जोराच्या प्रवाहानें गाभा चुंबकशक्तीनें भरून येतो व चोकचा जडपणा घटतो. वहींत २ मिलिहेन्री लिहिलेले, प्रत्यक्षांत १.६ च उरलेले, असें झालें तर प्रवाह अडीचऐवजीं तीन अँपिअरांहून अधिक उडी घेतो. नेमका दाब काढणाऱ्या बहिणीच्या बाबतींत, दिरंगाईचा विचार तूर्त बाजूस ठेवला, तर प्रत्येक दुरुस्तीनंतर चुकीचा चौथा हिस्सा उलट दिशेला उरतो. प्रत्यक्षांतला जडपणा वहीच्या निम्मा, म्हणजे १ मिलिहेन्री असेल, तर चूक मुळींच कमी होत नाहीं. केवळ दिशा बदलीत राहते. त्याखालीं गेला तर ती दर ठोक्याला वाढत जाते, आणि शेवटीं पॅनेल ट्रिप तरी होतें किंवा खटका तरी जळतो. याच्या उलट, वहींत १ व प्रत्यक्षांत २ असतील तर दर ठोक्यास निम्मी चूक उरते; यंत्र थोडें सुस्त होतें, पण सुरक्षित राहतें. यावरून जुळवणी करणाऱ्यानें एक नियम गांठीस बांधावा. चोकच्या पाटीवरील अंकावर विसंबूं नये. पूर्ण प्रवाहावर मोजमाप घ्यावें. आणि शंका असेल तेथें जडपणा थोडा कमीच धरावा.

भट्टीच्या बाजूला तर वर्णन तासातासाला पालटतें. थंड स्क्रॅप चुंबकाला ओढलें जाणारें असतें. सुमारें ७७० अंशांवर लोखंडाचा तो गुण नाहींसा होतो. वेटोळ्याचा जडपणा उतरतो व भट्टीची स्वाभाविक कंपनसंख्या चढते. भट्टीचें लायनिंग झिजत चाललें कीं वितळलेली धातु वेटोळ्याच्या जवळ येते आणि तोच परिणाम पुन्हां घडतो. म्हणजे सकाळच्या पहिल्या हीटला भट्टीचें जें वर्णन खरें, तें तिच्या अखेरीस खरें नसतें. नव्या लायनिंगच्या वेळचें महिनाअखेरीस खरें नसतें. अनुभवी भट्टीवाल्याला हें कानानें कळतें. वर स्क्रॅप अडकून बसलें व खालीं धातु तापत चालली, हा धोकाही तो भट्टीच्या बदललेल्या आवाजावरून ओळखतो. संगणकाला असे कान द्यावे लागतात. ते देण्याचा मार्ग असा: गेल्या ठोक्यास केलेलें भाकित व या ठोक्यास मोजलेलें सत्य यांतील अंतर सतत नोंदवावें. हें अंतर एकाच बाजूला झुकूं लागलें कीं वर्णन शिळें झालें असें समजावें व त्याप्रमाणें अंक हळूहळू दुरुस्त करावे. प्रवाहाची रेषा सुबक दिसते म्हणून समाधान मानणारा मनुष्य फसण्याचा संभव असतो. भाकिताची चूक रोज पाहणारा सहसा फसत नाहीं.

तिसरी गोष्ट मोलाची. प्रवाह हव्या त्या रेषेवर ठेवणें हा एकच हेतु असता तर प्रश्न नव्हता. परंतु प्रत्येक उघडझापीबरोबर खटक्यांत उष्णता निर्माण होते, आणि त्याच्या आंतील सिलिकॉनचें तपमान साधारणपणें १५० ते १७५ अंशांपलीकडे जाऊं देतां येत नाहीं. म्हणून उघडझापीही कमी हव्या. आतां अँपिअरांची चूक व उघडझापींची संख्या यांची बेरीज कशी करावयाची? शाहू मार्केट यार्डांत गुळाचा सौदा करणारा व्यापारी रंग पाहतो, कठीणपणा पाहतो, चव पाहतो. हे गुण एका तागडींत मावणारे नाहींत, पण शेवटीं भाव एकच बोलतो. प्रत्येक गुणाला त्यानें मनांत कांहीं मोल दिलेलें असतें. संगणकाला हें मोल अंकांत सांगावें लागतें. त्याची व्यवहार्य रीत अशी कीं, प्रथम प्रत्येक राशीला तिच्या पूर्ण मापानें भागून एका पातळीवर आणावें. मग दुय्यम हेतूचें मोल शून्य धरून यंत्र चालवावें, नंतर तें दसपटीनें वाढवीत जावें, आणि दर खेपेस प्रवाहाची विकृति व उघडझापींची संख्या दोन्ही लिहून ठेवाव्यात. ज्या दोन अंकांच्या दरम्यान विकृति एकदम बिघडूं लागते त्यांच्या मध्यावर पुन्हां प्रयोग करावा. थोड्याच फेऱ्यांत बरें ठिकाण सांपडतें. मात्र हें मोल गणितांतून आपोआप निघत नाहीं. मालकाला वीज वांचवावयाची आहे, खटक्याचें आयुष्य वाढवावयाचें आहे, कीं तारेवरील लहर स्वच्छ ठेवावयाची आहे, हें माणसानें ठरवावयाचें असतें.

स्वच्छ लहरीचा प्रश्न शेजाऱ्यांचाही आहे. सहा थायरिस्टरांचें साधें पॅनेल तारेवरून जो प्रवाह ओढतें त्यांत ५० च्या पांचपट व सातपट कंपनांच्या उपलहरी मिसळलेल्या असतात. बारा थायरिस्टरांच्या जुळणीनें त्या बहुतांशीं मिटतात व अकरापट आणि तेरापट उरतात. या लहरी एका भिंतीपाशीं थांबत नाहींत. त्याच वाहिनीवरील दुसऱ्याचा ट्रान्सफॉर्मर त्यांनीं तापतो, कपॅसिटर लवकर निकामी होतात. तारेच्या बाजूस आय. जी. बी. टी.चा कन्व्हर्टर लावून त्याचा प्रवाह नीट सांभाळला, तर हा उपद्रव पुष्कळ कमी होतो. आणि भाकिताच्या नियंत्रणाचा चांगला उपयोग व्हावयाचा तो येथें. परंतु त्यांतही एक मेख आहे. सात डावांच्या रीतींत उघडझाप ठराविक तालावर होत नाहीं. तिचा गोंगाट एका जागीं न राहतां सर्वत्र विखुरतो. त्यामुळें तो गाळणारी फिल्टर योजना करणें कठीण जातें. सेकंदास वीस हजार ठोके असले तर एका खटक्याचीं आवर्तनें दहा हजारांवर जाऊं शकत नाहींत, हें खरें; पण त्याखालीं तीं कोठेंही हिंडूं शकतात. फिल्टर आधींच बसविलेला असेल तर जुळवणी करतांना त्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

चौथी गोष्ट नजरेच्या पल्ल्याची. एक ठोका पुढें पाहावयाचें तर आठ डाव. दोन ठोके पाहावयाचे तर ६४. तीन पाहावयाचे तर ५१२. आणि पांच ठोके पाहावयाचे तर ३२,७६८ मार्ग तपासावे लागतात. तेही सेकंदाच्या वीस हजाराव्या भागांत! गायर व केव्हेदो यांनीं २०१४ मध्यें दाखविलेल्या युक्तीनें यांतील निरुपयोगी मार्ग आधींच वगळतां येतात, व मंद गतीनें उघडझाप करणाऱ्या मोठ्या यंत्रांत लांब नजरेचा लाभही होतो. तथापि वर्णनच चुकीचें असेल तर लांबवर पाहून काय लाभ? चुकीच्या वाटेवर दूरवर नजर टाकणारा केवळ अधिक दूर भरकटतो. म्हणून साध्या यंत्रांत एका ठोक्याची नजर व खरें वर्णन हीच जोडी प्रथम साधावी.

या चारही गोष्टींना एक क्रम आहे. आधीं मोजमापें, मग दिरंगाईची भरपाई, मग वर्णन, मग मोल, आणि सर्वांच्या शेवटीं नजरेचा पल्ला. प्रयोग अल्प शक्तीवर सुरू करून पायरीपायरीनें पूर्ण शक्तीवर न्यावा. आणि कितीही विश्वास बसला तरी एक पहारेकरी निराळा ठेवावा: प्रवाह मर्यादेबाहेर जातांच खटके बंद करणारी, भाकिताशीं मुळींच संबंध नसलेली, साधी संरक्षक योजना. हुशार कारभारी असला म्हणून तिजोरीचें कुलूप कोणी काढून टाकीत नाहीं.

कोल्हापूरच्या कारागिराचा हात आणि कान हे या नगरीचें जुनें भांडवल आहे. नवें नियंत्रण आलें म्हणजे तें भांडवल वायां जाईल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. उलट, कोणत्या हीटला भट्टी कशी वागते, लायनिंग किती झिजलें म्हणजे आवाज कसा बदलतो, कोणतें स्क्रॅप कसें बसतें, हें ज्याला ठाऊक आहे त्याच्याच ज्ञानावर यंत्राचें वर्णन खरें ठरणार आहे. संगणक पुढचा क्षण पाहूं शकतो, पण चालू क्षणाचें सत्य त्याला माणसानेंच शिकवावें लागतें. महाविद्यालयांतील तरुण अभियंता वही घेऊन भट्टीवाल्याशेजारीं चार दिवस उभा राहिला, तर जुळवणीचें निम्में काम तेथेंच पार पडेल.